भुवयांचा नमस्कार

वाचता वाचता एक बोट भुवईवर ठेवा आणि हलकेच दाबा. केसांखाली हाड लागेल. नाकाच्या मुळाशी ते थोडं फुगीर असतं, कानाकडे जाताना सपाट होत जातं. पुरुषांमध्ये हा फुगवटा सहसा जरा जास्त असतो, बायकांमध्ये कमी. लहान मुलांचं कपाळ तर डोळ्यांपर्यंत गुळगुळीत उतरतं. रोज तोंड धुताना आपला हात या जागेवरून फिरतो. टिकली लावताना, दाढी करताना ती समोर आरशात दिसते. पण तिचा विचार करायची वेळ येत नाही. आज पाच मिनिटं करू.

लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये एक कवटी आहे. १९२१ साली ती आफ्रिकेतल्या ब्रोकन हिल गावी खाणीत सापडली. देश आजचा झांबिया, गावाचं आजचं नाव काब्वे. कवटी सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीची. त्या माणसाच्या दोन्ही डोळ्यांवर हाडाची जाड कड आहे. खिडकीवर छज्जा असावा तशी ती या टोकापासून त्या टोकापर्यंत पुढे आली आहे. तिच्यामागे डोकं लगेच मागे झुकतं. आपण ज्याला कपाळ म्हणतो, ते उभं आणि रुंद कपाळ त्याला नाहीच. त्याच्या घरातल्या बाईला टिकली लावायला जागा शोधावी लागली असती.

अशी कड त्याची एकट्याची नव्हती. युजेन दुबॉ यांना १८९१ साली जावा बेटावर मिळालेल्या कवटीलाही ती आहे. चीनमधल्या हार्बिनच्या कवटीला तर फारच ठळक आहे. या कवटीची गोष्टही सांगण्यासारखी आहे. १९३३ साली पुलाच्या कामावर एका मजुराला ती सापडली. जपानी अंमलाचे दिवस होते, म्हणून त्याने ती जुन्या विहिरीत लपवली आणि म्हातारपणी, अगदी शेवटी घरच्यांना सांगितली, असं ते घर सांगतं. २०२१ साली तिच्यावरचं संशोधन प्रसिद्ध झालं. २०२५ मध्ये प्रथिनं आणि डीएनएवरून कळलं, की हा माणूस डेनिसोवन, म्हणजे आपल्या नात्यातल्या एका नाहीशा झालेल्या शाखेतला.

आणि आपल्या जवळचं सांगायचं तर नर्मदामाईचा काठ. मध्य प्रदेशात सीहोर जिल्ह्यात हथनोरा नावाचं गाव आहे. तिथे डिसेंबर १९८२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले अरुण सोनकिया यांना नदीकाठच्या जुन्या गोटे-वाळूच्या थरात कवटीचा वरचा भाग मिळाला. अर्ध्याहून थोडा जास्त तुकडा, पण डोळ्यावरची जाड कड स्पष्ट. परिक्रमेला जाणारी आपली कितीतरी माणसं उत्तर तटाने चालतात. त्याच तटावर कधी काळी हा माणूस पाणी प्यायला उतरत असेल.

या कडेकडे पहिल्यांदा जगाचं लक्ष गेलं ते १८५६ साली, जर्मनीतल्या निअँडर खोऱ्यात. निअँडरथल हे नाव तिथलंच. चुनखडीच्या खाणीतले मजूर एक गुहा उकरत होते. मातीत हाडं निघाली. अस्वलाची असतील म्हणून टाकून द्यायची, तेवढ्यात ती योहान फुलरोट या शाळामास्तरांकडे गेली. मास्तरांनी ओळखलं, की हाडं माणसाची आहेत आणि हा माणूस आपल्यापेक्षा निराळा आहे. बॉनचे प्राध्यापक शाफहाउझेन त्यांच्या बाजूने उभे राहिले. पण बॉनच्याच ऑगस्ट मायर या प्राध्यापकांना ते पटेना. त्यांचं म्हणणं असं, की हा १८१४ साली नेपोलियनच्या मागावर आलेल्या फौजेतला कोसॅक घोडेस्वार असणार. पाय वाकलेत ते मुडदुसाने आणि घोड्यावर बसून. मग डोळ्यांवरची ती कड? दुखणं सहन करताना बिचारा सारखा कपाळाला आठ्या घालायचा, त्याने हाड पुढे आलं, असं त्यांचं उत्तर सांगितलं जातं.

आज हे वाचून हसू येतं. आठ्या घालून हाड वाढत असतं तर मार्चअखेरीला प्रत्येक बँकेत निअँडरथल बसलेले दिसले असते. पण मला मायरांची एक गोष्ट आवडते. समोरच्याच्या कपाळावर आठी आहे असं त्यांना वाटलं, तेव्हा त्यांनी त्याला रागीट ठरवलं नाही. त्याला काहीतरी दुखत असेल, असं ते म्हणाले. शास्त्र चुकलं, पण माणसाकडे बघायची नजर चांगली होती.

ही नजर अगदीच अशास्त्रीय नाही. चार्ल्स डार्विन यांनी १८७२ साली माणसांच्या आणि प्राण्यांच्या भावना चेहऱ्यावर कशा उमटतात यावर पुस्तक लिहिलं. भुवया जवळ ओढून कपाळावर उभ्या रेघा आणणारा एक छोटा स्नायू आहे. तो कधी चालतो, हे त्यांनी बारकाईने पाहिलं. त्यांना दिसलं, की विचारात किंवा कामात अडचण आली, की तो चालतो. गणित अडलेल्या मुलाकडे बघा. सुईत दोरा ओवणाऱ्या आजीकडे बघा. बिलातली बारीक अक्षरं वाचणाऱ्या काकांकडे बघा. तिघांच्याही कपाळाला तीच आठी असते आणि तिघंही कुणावर रागावलेले नसतात.

आपण मात्र घाई करतो. सकाळी ऑफिसात शिरताना साहेबांचं कपाळ आकसलेलं दिसलं, की खुर्चीवर बसायच्या आत बातमी पसरते: आज जरा जपून. साहेबांचा चष्म्याचा नंबर वाढलेला असतो, एवढंच. घरीही तेच होतं. सून आठ्या घालून कुकरकडे बघत असते. सासूबाईंना वाटतं, आपल्या बोलण्याचा राग आला. ती बिचारी तिसरी शिट्टी झाली की चौथी, ते आठवत असते.

बरं, मग आपल्या पूर्वजांना ती जाड कड होती कशासाठी? यावर शास्त्रज्ञ शंभराहून जास्त वर्षं बोलत आहेत. कच्चं, चिवट अन्न चावताना चेहऱ्यावर जोर यायचा, तो सांभाळायला ही कड, असं एक मत होतं. १९९१ साली विल्यम हायलँडर आणि सहकाऱ्यांनी माकडांच्या चेहऱ्यावर ताण मोजणारी यंत्रं लावून पाहिलं. चावताना डोळ्यांवरच्या हाडावर फारच थोडा ताण येत होता. इतक्याशासाठी एवढं जाड हाड लागत नाही. अमेरिकेतले ग्रोव्हर क्रांत्झ यांनी तर वेगळाच मार्ग धरला. होमो इरेक्टस या जुन्या मानवजातीच्या कडेची नक्कल बनवून ती कपाळावर बांधली आणि कित्येक महिने ते तसेच वावरले. डोळ्यांवर ऊन येईना, केस पुढे येईनात, हा फायदा त्यांनी नोंदवला. रस्त्यात समोरून येणारी माणसं बाजूने निघून जात, हाही एक परिणाम होता. त्यांच्या घरच्यांचं मत कुठे नोंदलेलं माझ्या वाचनात नाही.

२०१८ साली इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठात रिकार्डो गोदिन्यो, पेनी स्पिकिन्स आणि पॉल ओहिगिन्स यांनी काब्वेची ती कवटीच संगणकावर घेतली. कड कापून लहान केली, मग कवटीला दात आवळून चावायला लावलं. चावण्याच्या ताकदीला कड असली काय आणि नसली काय, फारसा फरक पडेना. डोळे आणि मेंदू यांच्यामधली जागा भरण्यासाठीही एवढं हाड लागत नव्हतं. म्हणून त्यांनी अंदाज बांधला, की ही कड दुसऱ्याला दाखवण्यासाठी होती. मी दांडगा आहे, नीट वागा, असं चेहऱ्यानेच सांगायला. पुढे आपल्या प्रजातीच्या माणसांत चेहरा लहान झाला, मेंदूचा पुढचा भाग डोळ्यांच्या वर आला, कपाळ उभं आणि सपाट झालं. त्या मोकळ्या कपाळावर भुवयांना वर-खाली, आत-बाहेर सरकायला जागा मिळाली. एकच गोष्ट ठासून सांगणारा चेहरा गेला आणि दहा गोष्टी हळूच सांगणारा आला.

दहा म्हणताना मी हात आखडताच घेतोय. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात नुसत्या भुवयांच्याच सात हालचाली वेगळ्या काढून सांगितल्या आहेत. उत्क्षेप म्हणजे भुवया वर जाणं, पातन म्हणजे खाली येणं, भ्रुकुटी म्हणजे मुळापासून उचलणं, आणि शेवटची सहज, काहीच न करणारी भुवई. तिलाही त्यांनी यादीत जागा दिली, याचं मला फार कौतुक वाटतं. नाचणारी माणसं या सात शिकायला वर्षं घालवतात. आपण शिकल्याशिवाय दिवसभर वापरतो. मुंबईच्या लोकलमध्ये बसायला जागा हवी असलेला माणूस बसलेल्याकडे बघून नुसत्या भुवया उडवतो. बसलेला म्हणतो, ‘ठाणा.’ प्रश्न विचारलाच नाही, उत्तर मिळालं. एसटीतला कंडक्टर गर्दीत हेच करतो. वर्गात मागच्या बाकावर कुजबुज चालू असते, बाई फळ्याकडून वळून एक भुवई वर करतात, कुजबुज थांबते. लग्नाच्या मांडवात आई लांबून मुलाकडे बघते आणि तो तिसरा गुलाबजाम परत ठेवतो.

मास्कचे दिवस आठवा. २०२० साली अर्धा चेहरा कापडाआड गेला. हसू दिसेना, ओठ दिसेनात. तरी दुकानदार ओळखत होता, शेजारीण ओळखत होती. हे आपण भुवयांच्या जोरावर निभावलं. अमेरिकेत एमआयटीमध्ये जाविद सद्र आणि सहकाऱ्यांनी २००३ साली एक साधी चाचणी केली होती. प्रसिद्ध माणसांचे फोटो घेतले. काहींतले डोळे पुसले, काहींतल्या भुवया. लोकांना भुवया नसलेली माणसं ओळखायला जास्त अवघड गेली. पार्लरमध्ये भुवया कोरायला बसणाऱ्या मुलींना चिडवणाऱ्या घरातल्या पुरुषांनी हे एकदा वाचावं.

भुवयांची एक हालचाल मात्र बहुतेकांना ठरवून जमत नाही. मन जड असलं, की भुवयांची आतली टोकं वर जातात आणि बाहेरची खाली राहतात. आत्ता आरशापुढे करून बघा, बहुतेकांना येणार नाही. दुःख झालं, की आपोआप येतं. डार्विन यांनी याही हालचालीवर पानंच्या पानं लिहिली आहेत. परदेशातली मुलगी व्हिडिओ कॉलवर ‘सगळं छान आहे’ म्हणते आणि इकडून आई विचारते, ‘काय झालं गं?’ आईला कुठून कळलं, असं मुलीला वाटतं. त्या दोन टोकांनी सांगितलेलं असतं.

कुत्र्यांनाही ही विद्या आहे. भुवईचं आतलं टोक उचलणारा स्नायू लांडग्यात जेमतेम असतो, कुत्र्यात चांगला वाढलेला असतो, हे २०१९ साली दिसून आलं. माणसाबरोबर हजारो वर्षं राहिल्याचा हा परिणाम असावा. त्याआधी २०१३ साली इंग्लंडमध्ये निवाऱ्यातल्या कुत्र्यांवर पाहणी झाली होती. जी कुत्री भुवईचं आतलं टोक जास्त वेळा वर करत, त्यांना घर लवकर मिळालं. शेपूट जास्त हलवून तेवढा फायदा झाला नव्हता. चाळीच्या दाराशी पोळीसाठी बसलेला मोती हे पूर्वीपासून जाणून आहे.

इथवर आल्यावर एक सोपा निष्कर्ष काढायचा मोह होतो. जाड कड म्हणजे दांडगाई, सपाट कपाळ म्हणजे प्रेमळपणा. तसा कयास शास्त्रज्ञांनीही मांडला आहे. रॉबर्ट सिएरी आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली चौदाशेहून जास्त कवट्यांची मापं पाहिली. त्यांत ऐंशी हजार वर्षांहून जुन्या कवट्या थोड्या आणि विसाव्या शतकातल्या पुष्कळ होत्या. कड काळाबरोबर कमी होत गेलेली दिसली. माणसं एकमेकांना जास्त सोसायला लागली, मिळून राहायला आणि एकमेकांचं शिकायला लागली, त्याची ही खूण असावी, असं त्यांना वाटतं. मला हा कयास आवडतो. आवडतो म्हणूनच तो जरा सांभाळून घ्यावासा वाटतो. कारण इराकमधल्या शानिदार गुहेतला एक माणूस मला मध्ये आडवा येतो.

राल्फ सोलेकी यांच्या तुकडीला १९५७ साली तो सापडला. निअँडरथल होता, ४५ हजार वर्षांहून जुना. भुवईची कड चांगली जाड. तरुणपणी त्याच्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूला जबर मार बसला होता आणि बहुतेक त्या डोळ्याने त्याला दिसत नसावं. उजवा हात कोपराखाली राहिलेला नव्हता. तो लंगडत चालायचा. ऐकूही कमी येत असावं, असं त्याच्या कानाच्या हाडांवरून दिसतं. आणि तरीही जखमा भरून आल्या होत्या. तो पुढे कितीतरी वर्षं जगला, चाळिशीपर्यंत किंवा त्यापुढेही. रानात, श्वापदांत, अशा शरीराने एकटा माणूस जगत नाही. कुणीतरी त्याला खायला दिलं. कुणीतरी त्याच्या चालीने हळू चाललं. त्या देणाऱ्यांच्या डोळ्यांवरही तेवढीच जाड कड होती.

हाडावरून स्वभाव वाचण्याची खोड माणसाला जुनी आहे आणि ती फार महागात पडलेली आहे. इटलीचे चेझारे लोंब्रोझो यांनी १८७६ साली पुस्तक लिहून जन्मजात गुन्हेगाराची लक्षणं सांगितली. पुढे आलेली भुवईची हाडं हे त्यांतलं एक. किती गरीब माणसांकडे त्या पुस्तकामुळे संशयाने पाहिलं गेलं असेल. इकडे आपल्या इरावतीबाई कर्वे १९२० च्या दशकाच्या शेवटी बर्लिनला शिकायला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे युरोपीय वंश श्रेष्ठ मानणारे. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक आणि वंश यांचा संबंध आहे, असं त्यांचं गृहीतक. ते तपासायचं काम इरावतीबाईंकडे आलं. त्यांनी कवट्या मोजल्या आणि लिहून दिलं, की असा काही संबंध दिसत नाही. परक्या देशात, विद्यार्थिनी असताना, गुरूंच्या मताविरुद्ध. ‘युगान्त’ लिहिणाऱ्या बाईंनी आधी हे केलेलं होतं. मोजून सांगणं आणि बघून ठरवणं यांतला फरक त्यांना चांगला ठाऊक होता.

आपल्यातही काहींची भुवईची हाडं जन्मतः पुढे असतात. काहींच्या भुवया दाट आणि जुळलेल्या असतात. वय झालं, की पापण्या आणि भुवया खाली उतरतात आणि हसरे आजोबाही गप्प बसले तर रागावलेले दिसतात. अशा माणसांना आयुष्यभर एक प्रश्न ऐकावा लागतो, ‘काय झालंय, एवढा राग कसला?’ राग नसतोच. चेहराच तसा. सारखं हे ऐकून मग खरोखरच राग येतो, हे वेगळं. अशा माणसाला आधी चार वाक्यं बोलू द्यावी. त्याचा आवाज ऐकावा. मत त्यानंतर बनवायला भरपूर वेळ असतो.

आणि आठी दिसलीच, तर मायर आणि डार्विन या दोघांचं मिळून एक वाक्य घरात वापरता येतं: ‘काय अडलंय?’ ‘तुला राग आलाय का?’ याला उत्तर बहुधा ‘नाही’ असं येतं आणि दार लागतं. ‘काय अडलंय?’ म्हटलं, की माणूस खरंच सांगतो. पासवर्ड अडलेला असतो, पगार अडलेला असतो, गुडघा अडलेला असतो. त्यांतलं एखादं आपल्याच्याने सुटणारंही निघतं. नाही सुटलं, तरी त्या आठीची धार जरा कमी होते. माझ्या ओळखीतल्या एक मावशी हा प्रश्न रिक्षावाल्यांनाही विचारतात. सुट्टे अडलेले असतात, हे आता सगळ्यांना पाठ आहे.

भुवयांची सगळ्यात छोटी करामत शेवटी ठेवली आहे. इरेनॉयस आयब्ल-आयबेसफेल्ट या ऑस्ट्रियन संशोधकांनी जगभर फिरून माणसांच्या भेटीगाठींचं चित्रीकरण केलं. लोकांना कॅमेऱ्याचं भान येऊ नये म्हणून बाजूला बघणारं भिंग वापरलं. बाली, पापुआ, सामोआ, अ‍ॅमेझॉनचं जंगल, युरोप, कुठेही जा. ओळखीचं माणूस लांबून दिसलं, की भुवया झटकन वर जातात आणि खाली येतात. सेकंदाचा सहावा भाग, एवढाच वेळ. करणाऱ्याला बहुतेकदा पत्ताही नसतो. जपानमध्ये मोठी माणसं हे टाळतात, पण बाकी बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ एकच होतो: दिसलात, बरं वाटलं. हात जोडायला दोन्ही हात मोकळे लागतात. एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात छत्री असली, तरी भुवयांचा नमस्कार करता येतो.

ही सवय मात्र अलीकडे कमी होत चालली आहे, असं मला वाटतं. त्यात माणुसकी आटली वगैरे काही नाही. मान खाली असते, एवढंच. लिफ्टमध्ये चार माणसं असतात आणि चौघंही मोबाइलच्या पडद्यात बघत असतात. बारीक अक्षरं वाचताना भुवया खाली आणि जवळ येतात. म्हणजे तेवढा वेळ आपण सगळे न रागावता रागावलेले दिसतो आणि शेजारी उभा असलेला माणूसही तसाच दिसतो. पाचव्या मजल्यावरच्या नव्या भाडेकरूंना वाटतं, ही बिल्डिंग जरा तुसडी आहे.

तेव्हा आज घराबाहेर पडताना एवढं करा. जिन्यात कचरा न्यायला आलेल्या ताई भेटतील, गेटवर वॉचमनकाका असतील, स्टॉपवर रोज तिथेच उभी राहणारी, नाव माहीत नसलेली ती मुलगी असेल. नाव माहीत असायची गरज नाही, बोलायलाही हवं असं नाही. नजर भेटली, की भुवया उचला. उत्तर बहुधा येईल. नाही आलं, तर त्यांचं काहीतरी अडलं असेल, उद्या पुन्हा करा. मोबाइल तेवढा जिना उतरेपर्यंत खिशात ठेवा.